खाणीआधीचा सडा : जांभा, कातळशिल्पं आणि ‘काही आढळलं नाही’ हे वाक्य



आजचा विषय सुचला तो एका भिंतीमुळे. आमच्या घराला जांभ्याच्या चिऱ्यांचं कुंपण आहे. ते बांधलं त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. चिरे ट्रकने आले, आम्ही ते मोजून घेतले, पैसे दिले, गवंड्याने भिंत उभी केली. ते कुठल्या सड्यावरून आले, हे काही आम्ही विचारलं नाही. दगडाला कोण गाव विचारतो? आयुष्यभर वर्गात मुलांना ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ असं विचारून भंडावून सोडलं, पण स्वतःच्या कुंपणाच्या बाबतीत एक साधा प्रश्न पडला नाही. तो आज विचारू या. नवी खाण कुठे काढायची हे ठरवताना, त्या जागी आधी काय होतं, हे कोणी, कधी आणि कसं बघायचं?

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करायला हवी. खाण आणि पुरातत्त्व हे काही जन्माचे वैरी नाहीत. किंबहुना आपल्या देशातल्या प्रागैतिहासिक संशोधनाचा जन्मच एका खड्ड्यात झाला आहे. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला आजच्या चेन्नईजवळ पल्लावरम इथे, खडी-मुरूम काढलेल्या एका खड्ड्यात माणसाने घडवलेलं दगडी हत्यार सापडलं. भारतात अश्मयुग होतं, याचा तो पहिला ठोस पुरावा. आणि तो मुरूम कसला होता? जांभ्याचाच. खड्डा खणला नसता तर हत्यार दिसलं नसतं. पण त्याच खड्ड्यातून आधी निघालेल्या मुरमाबरोबर किती हत्यारं रस्त्याखाली गेली असतील, तेही आता कधीच कळणार नाही.

दुसरं उदाहरण हडप्पाचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाहोर-मुलतान रेल्वे बांधताना रुळांखाली घालायला खडी हवी होती. जवळ दगड नव्हता, पण हडप्पाच्या टेकाडात पक्क्या विटा होत्या. त्या उपसून नेल्या. सुमारे शंभर मैलांच्या लोहमार्गाला पुरतील इतक्या विटा तिथून गेल्या, असं अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नोंदवलं आहे. हडप्पाचं पद्धतशीर उत्खनन दयाराम साहनींनी सुरू केलं ते १९२१ साली. तोवर एका नगराचा मोठा भाग गाड्यांच्या चाकांखाली गेला होता. कंत्राटदार दुष्ट होते असं मुळीच नाही. त्यांच्या लेखी ती फक्त वीट होती. ‘हे काय आहे?’ असं विचारणारं कोणी त्या कामाच्या सुरुवातीला हजर नव्हतं, एवढंच.

आता कोकणात येऊ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पुढे गोव्यापर्यंत जे सपाट, उघडे सडे पसरले आहेत, ते जांभ्याचे. या दगडाला इंग्रजांच्या भाषेत नाव दिलं फ्रान्सिस बुकॅनन याने, १८०७ साली. मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधतात हे त्याने पाहिलं आणि लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव पाडलं. म्हणजे बघा, दगडाच्या नावातच त्याची खाण आहे. जमिनीतून ताजा काढला की तो कापायला सोपा जातो आणि हवा लागली की घट्ट होतो. घर बांधणाऱ्याला आणखी काय हवं?

पण हाच गुण आणखी कोणाच्या तरी लक्षात आला होता, आपल्या कितीतरी आधी. या सड्यांच्या पृष्ठभागावर माणसं, हत्ती, वाघ, मासे, पक्षी, एकशिंगी गेंडे आणि ज्यांचा अर्थच लागत नाही अशा भौमितिक आकृत्या खोदलेल्या आहेत. यांनाच आपण कातळशिल्पं किंवा कातळखोदचित्रं म्हणतो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या देहाच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन प्राण्यांच्या मध्ये उभी असलेली मानवाकृती आहे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेली कित्येक वर्षं सडे पायी तुडवून, गावोगावच्या लोकांना विचारून या चित्रांची नोंद केली. आज ज्ञात आकृत्यांची संख्या हजाराच्या कितीतरी वर गेली आहे. २०२२ साली यांतली नऊ स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी ही सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ.

या चित्रांचं वय नक्की किती, यावर अजून अभ्यास चालू आहे. काही अभ्यासक ती मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. आमच्या दृष्टीने आजच्या विषयात महत्त्वाची गोष्ट ही की वय ठरवायचं असेल तर चित्राभोवतालचा सडा, जवळचे पाणवठे, गुहा, जमिनीत विखुरलेली बारीक दगडी हत्यारं, हे सगळं जागेवर हवं. नुसतं चित्र कापून संग्रहालयात नेलं तर ते पुस्तकातून फाडलेल्या पानासारखं होतं. अक्षरं शाबूत राहतात, पण मागचा-पुढचा संदर्भ जातो.

आता चिरेखाण कशी चालते ते पाहा. सड्याचा वरचा, ऊन-पाऊस खाल्लेला कडक थर चिऱ्याला फारसा उपयोगी नसतो. तो आधी फोडून बाजूला टाकतात आणि खालच्या एकसारख्या दगडात यंत्राची पाती फिरवतात. आणि चित्र असतं कुठे? नेमकं त्या वरच्या थरात, काही सेंटिमीटर खोलीवर. म्हणजे एखादं चित्र खाणीत सापडलं तर त्याचा चिराही होत नाही. त्याचा भराव होतो. आमच्या कुंपणात एखाद्या हरणाचा पाय असेल अशी आमची भाबडी कल्पना होती. ती सुद्धा खरी नाही. तो पाय असलाच तर कुठल्यातरी रस्त्याच्या खड्ड्यात गेला असणार.

इथे आम्हाला आमच्या मूळ विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे, थोडं वळू द्या. घाबरू नका, फार वेळ घेणार नाही.

खाणीला परवानगी देताना कागदावर एक वाक्य येतं, ‘सदर जागेत पुरातत्त्वीय अवशेष आढळून आले नाहीत.’ आता ‘नाही’ हे ज्ञान आपल्याला होतं कसं? आपल्याकडे या प्रश्नावर हजारेक वर्षं कडाक्याचा वाद झाला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, अभाव कळतो तो अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने. नैयायिक म्हणतात, स्वतंत्र प्रमाण कशाला, प्रत्यक्षच पुरे, फक्त अनुपलब्धीचं साहाय्य हवं. भांडण मोठं आहे, पण एका अटीवर दोघांचंही एकमत आहे. अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे काय तर, वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर ‘घडा नाही’ म्हणायला हरकत नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर तसं म्हणता येत नाही. आणि खांबावर पिशाच दिसत नाही, एवढ्यावरून ‘पिशाच नाही’ असं सिद्ध होत नाही, कारण पिशाच मुळात दिसणाऱ्यांतलं नव्हेच.

ही अट आता सड्यावर लावून पाहा. पावसाळ्यात सड्यावर गुडघाभर गवत असतं. चित्रांच्या खोबणीत माती साचते, तिच्यावर शेवाळ येतं. भर दुपारी ऊन डोक्यावर असलं की उथळ रेषेला सावलीच पडत नाही. ती दिसते सकाळी किंवा सांजेला, तिरप्या उजेडात, गवत वाळल्यावर, आणि तीही डोळा तयार असलेल्या माणसाला. मग श्रावणातल्या दुपारी, जीपमधून उतरून, पाच मिनिटं नजर फिरवून लिहिलेलं ‘आढळून आले नाहीत’ हे वाक्य कुठल्या प्रमाणात बसतं? कुमारिलाच्याही नाही आणि गौतमाच्याही नाही. ते ज्ञानच नव्हे. लिहिणारा खोटं बोलतो असा आमचा आरोप नाही. त्याला दिसलं नाही, हे खरंच आहे. पण ‘मला दिसलं नाही’ आणि ‘तिथे नाही’ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत दहा-बारा हजार वर्षं गडप होऊ शकतात.

त्याच शास्त्रातली आणखी एक गोष्ट. ‘तर्कसंग्रह’ शिकलेल्यांना अभावाचे चार प्रकार आठवत असतील. त्यांतला प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यावरचा अभाव, हा सादि पण अनंत सांगितला आहे. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. तोडलेलं झाड पुन्हा लावता येतं, आटलेल्या विहिरीला पाणी येऊ शकतं. पर्यावरणाच्या परवानगीत ‘नुकसानभरपाई म्हणून वृक्षारोपण’ अशी अट घालता येते ती म्हणूनच. मोडलेल्या कातळशिल्पाला अशी अट घालून दाखवा.

आता कायद्याकडे येऊ. केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८चा आहे, महाराष्ट्राचा १९६०चा. केंद्राने १९९२ साली अधिसूचना काढून संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचा पट्टा निषिद्ध आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित ठरवला. ती अधिसूचना बांधकाम आणि खाणकाम या दोन्हींसाठी होती. २०१०च्या दुरुस्तीने हे पट्टे थेट कायद्यातच आले. चांगलंच झालं. पण या सगळ्याची सुरुवात ‘संरक्षित’ या शब्दापासून होते. जे आधीच माहीत आहे आणि आधीच जाहीर झालं आहे, त्यालाच हे कवच मिळतं. जे गवताखाली आहे त्याला १०० मीटर सोडा, १०० मिलिमीटरही मिळत नाहीत.

शिवाय अंतर म्हणजेच संरक्षण असंही नाही. चित्तोडगडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये किल्ल्यापासून पाच किलोमीटरपर्यंत सुरुंग लावून खाणकाम करायला मनाई केली. कारण हादरे तीनशे मीटरवर थांबत नाहीत. गोव्यातलं पणसायमळ कुशावती नदीच्या काठावर, जांभ्यावरच कोरलेलं आहे. १९९३ साली ते प्रकाशात आलं ते लोकांच्या सांगण्यावरून. गुराख्यांनी काढलेली चित्रं म्हणून गावाला ती ठाऊक होती. त्या मुलखात लोहखनिजाच्या खाणी. खाण नदीपासून लांब असली तरी तिच्या मातीचे ढीग पावसात वाहतात आणि गाळ नदीलाच येतो. म्हणून विचार केवळ खड्ड्याचा करून भागत नाही. रस्ता कुठून जाणार, ढीग कुठे पडणार, पाणी कुठे वाहणार, हेही त्याच नकाशावर मांडावं लागतं.

चिऱ्याचा दगड कायद्याने ‘गौण खनिज’ आहे. शब्दच पाहा, गौण! १९५७च्या खाण कायद्याने गौण खनिजांचे नियम करायचे अधिकार राज्यांना दिले. महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३चे. खाणी लहान, परवाने पुष्कळ, म्हणून प्रत्येकावर बारकाईने नजर ठेवणं अवघड जातं. पण एक खिडकी उघडी आहे. केंद्राच्या २०१६च्या अधिसूचनेनुसार जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो, आणि जिल्ह्यात कुठे काय खनिज आहे, कुठे काढता येईल, हे त्यात मांडलं जातं. त्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी एकवीस दिवस खुला ठेवायचा असतो आणि दर पाच वर्षांनी तो नव्याने करायचा असतो. आमचं म्हणणं इतकंच आहे की पुरातत्त्वाचा नकाशा या अहवालात, म्हणजे पहिल्या पानावर, यावा. एकेका परवान्याच्या वेळी धावाधाव करण्यात अर्थ नाही. तोवर जमिनीचा सौदा झालेला असतो, यंत्राचं कर्ज काढलेलं असतं, आणि मग पुरातत्त्ववाला माणूस हा सगळ्यांच्या पोटावर पाय देणारा ठरतो.

उशिरा कळण्याचं मोल काय असतं, हे ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून दिसतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात जुकन दरीतल्या दगडी निवाऱ्यांमध्ये माणसाच्या वावराच्या खुणा सुमारे ४६,००० वर्षांपर्यंत मागे जातात. पूटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या लोकांची ती पवित्र जागा. रिओ टिंटो कंपनीला लोहखनिजाच्या खाणीसाठी ती नष्ट करायची परवानगी २०१३ साली कायदेशीररीत्या मिळाली. पुढच्याच वर्षी ‘वाचवता येईल ते वाचवू’ म्हणून उत्खनन झालं, आणि त्यात हजारो वस्तू निघाल्या. त्यांत केसांच्या वेणीचा चार हजार वर्षांपूर्वीचा एक तुकडा होता, आणि त्याचं जनुकीय नातं आज तिथे राहणाऱ्या लोकांशीच जुळलं. म्हणजे पणजीच्या पणजीची वेणी सापडावी तसं. पण परवानगी आधीची होती, आणि नवी माहिती मिळाल्यावर ती पुन्हा तपासायची सोयच त्या कायद्यात नव्हती. २४ मे २०२० रोजी सुरुंग उडवले गेले. नंतर माफी झाली, वरिष्ठ अधिकारी गेले, संसदेची चौकशी झाली. चौकशीत असंही पुढे आलं की खाणीच्या आखणीचे चार पर्याय होते आणि त्यांतल्या तिघांमध्ये निवारे वाचत होते. त्या लोकांना मात्र ते तीन पर्याय सांगितलेच गेले नव्हते.

यातून शिकायचं काय? नुसती नोंद म्हणजे रक्षण नव्हे. आणि परवानगी हा शेवटचा शब्द असता कामा नये, नवं काही दिसलं तर ती थांबवता आली पाहिजे.

खाणवाले आणि पुरातत्त्ववाले एकत्र बसूच शकत नाहीत का? बसू शकतात, आणि बसलेही आहेत. राजस्थानात जावरला जस्ताच्या प्राचीन खाणी आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि तिथे खाण चालवणारी हिंदुस्तान झिंक यांनी मिळून तिथल्या जुन्या भट्ट्यांचा अभ्यास केला. एकेका भट्टीत छत्तीस मुशी उलट्या बसवून जस्ताची वाफ खाली थंड करायची, हे तंत्र त्यातून जगासमोर आलं. धातू गाळण्याच्या इतिहासात भारताचं पान त्याने बदललं. लक्षात घ्या, इथे अवशेषच खाणीचे होते. अफगाणिस्तानातल्या मेस आयनकलाही तेच आहे. तिथला बौद्ध विहारांचा परिसर तांब्यामुळेच भरभराटीला आला, आणि आज त्याच तांब्यासाठी तो धोक्यात आहे. जिथे आपल्याला खनिज हवंसं वाटतं, तिथे आपल्या पूर्वजांनाही ते हवं होतं. म्हणून खाणीची जागा ही पुरातत्त्वाच्या दृष्टीने रिकामी असण्यापेक्षा भरलेली असण्याचाच संभव जास्त धरून चालावं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. सड्यावरची जमीन पुष्कळदा खासगी मालकीची असते. तिथे पीक फारसं येत नाही. चिरेखाण हाच तिच्यातून येणारा पैसा. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, दवाखाना त्याच्यावर असतो. अशा माणसाला आपल्या जागेत चित्र दिसलं तर तो काय करेल? आम्ही एकदा एका सड्यावर उभे होतो. एक म्हातारे गृहस्थ आम्हाला म्हणाले, “सर, दाखवीन मी. पण दाखवलं की जमीन माझी राहील काय?” आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आम्ही विषय बदलला. ती गोष्ट आम्हाला आजही टोचते. वारसा सगळ्यांचा आणि तोटा एकाचा, हा हिशोब न्यायाचा नाही. आणि जो नियम प्रामाणिक माणसाला शिक्षा करतो, तो नियम चित्रं वाचवत नाही. रातोरात पाती फिरवायला लावतो.

म्हणून आमच्या मते क्रम असा असावा. जिल्ह्याचा खनिज अहवाल करतानाच, गवत वाळल्यावर, जाणकार माणसं आणि गावातले गुराखी यांना बरोबर घेऊन सडे पायी पाहावेत. तिरप्या उजेडात छायाचित्रं घ्यावीत. जिथे काही आहे तिथे खाणीची हद्दच सरकवावी, सडा मोठा आहे. ज्याची जागा अडते त्याला भाडं किंवा बदली जागा आधी द्यावी, मग सही मागावी. काम चालू असताना मजुराला काही वेगळं दिसलं तर यंत्र थांबवल्याबद्दल त्याची मजुरी कापली जाऊ नये, उलट त्याचं नाव नोंदीत यावं. आणि अगदीच वाचवता येत नसेल तेव्हा, शेवटचा उपाय म्हणूनच, पूर्ण नोंद करून जागा सोडावी. उक्षीसारख्या गावाने आपल्या हत्तीभोवती दगडी गडगा घालून तो जपला. गावाला तो आपला वाटला म्हणून हे झालं.

सगळंच वाचेल का? नाही. घरं बांधायची आहेत, आणि ती बांधणाऱ्यांत आम्हीही होतो. पण काय गमावतो आहोत ते माहीत असून गमावणं वेगळं, आणि बघितलंच नाही म्हणून गमावणं वेगळं. पहिल्यात निदान निर्णय तरी असतो.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांना आज भेटलो तर काय सांगू? बहुधा हेच, की तुमचा प्रश्न आम्ही आता चार लोकांसमोर ठेवला आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या घर बांधणार असेल तर चिरे उतरवून घेताना ट्रकवाल्याला एवढं विचारा, “कुठल्या सड्याचे हो?” त्याला कदाचित सांगता येणार नाही. पण दहा जणांनी विचारलं की अकराव्यांदा तो उत्तर शोधून येईल.